२१,५८७ फायली

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या जमैका प्लेन भागात हिंटन नावाची सरकारी प्रयोगशाळा होती. पोलिसांनी पकडलेली पूड खरोखरच अमली पदार्थ आहे का, हे तिथले रसायनतज्ज्ञ तपासून सांगत आणि त्यांच्या दाखल्यावर माणसं तुरुंगात जात. अ‍ॅनी डुकन तिथे २००३ ते २०१२ कामाला होती. या काळात तिच्या हातून सुमारे ६० हजार नमुने गेले आणि सुमारे ३४ हजार खटल्यांशी तिचं नाव जोडलं गेलं. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे धरले, तर रोज २६-२७ नमुने होतात, तेही नऊ वर्षं अखंड. तिचे सहकारी या वेगाच्या जवळपासही नव्हते.

पुढे कळलं की अनेक नमुने ती तपासतच नव्हती, नुसतं बघून शेरा मारत होती. कधी नमुन्यात काही सापडलं नाही, तर दुसऱ्या नमुन्यातली पूड त्यात मिसळत होती. कागदावर सहकाऱ्यांच्या सह्याही स्वतःच ठोकत होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिने २७ आरोप कबूल केले आणि तिला तीन ते पाच वर्षांची शिक्षा झाली.

तिचा हिशेब असा लवकर मिटला. ज्यांना तिच्या दाखल्यांवर शिक्षा झाल्या होत्या, त्यांचं काय करायचं हे ठरायला आणखी साडेतीन वर्षं गेली. सरकारी वकिलांचं म्हणणं असं की ज्याला अन्याय झाला असं वाटतं, त्याने अर्ज करावा, आम्ही एकेक प्रकरण बघू. ऐकायला हे रास्त वाटतं. पण आकडा समोर ठेवा. एका वकिलाने रोज एक फाईल वाचून हातावेगळी केली, तर शेवटी ज्या रद्द झाल्या, त्या २१,५८७ फायलींनाच त्याला ८६ वर्षं लागली असती. दहा वकील लावले असते तरी साडेआठ वर्षं. तोवर कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाला सरकारी घर नाकारलेलं असतं. आणि ग्रीन कार्डावर राहणाऱ्याला अमली पदार्थांच्या एका शिक्षेपायी देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.

जानेवारी २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हे ओझं उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवलं. सात जिल्ह्यांच्या सरकारी वकिलांना ९० दिवसांची मुदत दिली. डुकनचा दाखला बाजूला ठेवूनही जी प्रकरणं नव्याने सिद्ध करता येतील, त्यांचीच यादी द्या, बाकीची सोडा. एप्रिलमध्ये याद्या आल्या. वकिलांनी हाती ठेवली काही शेच प्रकरणं आणि २१,५८७ सोडून दिली. अमेरिकेच्या इतिहासात एका फटक्यात इतके खटले कधीच रद्द झाले नव्हते. त्या वेळी खुद्द डुकनला पॅरोलवर सुटून वर्ष झालं होतं.

या हजारो लोकांपैकी कित्येकांच्या खिशात पकडलं त्या दिवशी खरोखर अमली पदार्थ असतील. ते नाकारण्याचं कारण नाही. पण सरकारनेच पुरावा नासवला असेल, तर त्या शंकेचा भार आरोपीने का वाहायचा? मला या निकालातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. चूक ज्याने केली, त्यानेच फायली उघडायच्या.

हे का महत्त्वाचं, ते कॅलिफोर्नियात दिसतं. तिथे नोव्हेंबर २०१६ च्या मतदानाने गांजा कायदेशीर झाला आणि जुन्या शिक्षा पुसून किंवा कमी करून घेण्याचा हक्कही मिळाला. अट एकच होती: अर्ज ज्याचा त्याने करायचा. सॅन फ्रान्सिस्कोत त्यानंतरच्या वर्षभरात किती अर्ज आले? २३. लोकांना हक्काची कल्पना नव्हती. ज्यांना होती, त्यांच्याकडे वकिलाचे पैसे नव्हते किंवा पुन्हा कोर्टाची पायरी चढायची हिंमत नव्हती. मग तिथले सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी ठरवलं की कुणाच्या अर्जाची वाट बघायची नाही. १९७५ पासूनच्या नोंदी काढल्या, ‘कोड फॉर अमेरिका’ या संस्थेच्या संगणकप्रणालीने त्या चाळल्या आणि २०१९ मध्ये आकडा जाहीर झाला: ९,३६२. अर्जाच्या वाटेने २३, सरकारने स्वतः शोधले तेव्हा ९,३६२. हक्क तोच, शहर तेच.

लॉस एंजेलिसने २०२० मध्ये हीच पद्धत वापरली, तेव्हा सुमारे ६६ हजार जुन्या शिक्षा निघाल्या. त्यातल्या सर्वांत जुन्या १९६१ च्या होत्या. तेव्हा विशीत असलेला माणूस २०२० मध्ये ऐंशीच्या उंबरठ्यावर होता आणि गांजाची ती नोंद जवळपास साठ वर्षं त्याच्या नावावर होती.

पण संगणक इथवरच पोचतो. कायदा बदलला किंवा एकच बिघडलेला पुरावा हजारो ठिकाणी वापरला गेला, तर घाऊक दुरुस्ती होऊ शकते. खुनाच्या खटल्यात साक्षीदार खोटं बोलला का, पोलिसाने कबुली वदवून घेतली का, हे कळायला माणसालाच दारोदार फिरावं लागतं. डॅलसमध्ये क्रेग वॉटकिन्स मुख्य सरकारी वकील म्हणून निवडून आले आणि २००७ मध्ये त्यांनी जुन्या शिक्षा तपासणारा स्वतंत्र कक्ष आपल्याच कार्यालयात उघडला. (आपल्याकडे सरकारी वकिलाची नेमणूक होते. तिथे काउंटीचा मुख्य सरकारी वकील बहुतेक ठिकाणी मतदार निवडतात, आणि जुन्या चुका उकरणाऱ्याला मतं मिळतीलच असं नाही.) डॅलसच्या प्रयोगशाळेने जुने जैविक नमुने जपून ठेवले होते, म्हणून वीस-पंचवीस वर्षांनी डीएनए तपासता आला आणि माणसं सुटली. जिथे नमुने फेकून दिले, तिथल्या निरपराधांना ही वाट नाहीच.

ब्रुकलिनच्या सरकारी वकिलांनी २०२० मध्ये आपल्या २५ फसलेल्या खटल्यांचा अहवाल काढला. त्याच्या शीर्षकातच आकडा होता: ४२६ वर्षं. पंचवीस माणसांनी मिळून भोगलेला तुरुंगवास, म्हणजे माणशी सतरा वर्षं. दोन वर्षांनी त्याच कार्यालयाने ३७८ शिक्षा एकदम रद्द करायला न्यायालयाला सांगितलं, कारण त्या ज्या १३ पोलिसांच्या साक्षीवर उभ्या होत्या, ते पोलीसच पुढे गुन्हेगार ठरले होते. पहिल्या पंचवीसांसाठी काही वर्षं खपावं लागलं. पुढच्या ३७८ शिक्षांना समान धागा सापडला म्हणून त्या एकत्रच हाताळता आल्या.

१९८९ पासून अमेरिकेत निर्दोष ठरून सुटलेल्यांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यात साडेतीन हजारांहून अधिक नावं आहेत आणि त्यांनी गमावलेल्या वर्षांची बेरीज तीस हजारांच्या पुढे गेली आहे. तीस हजार वर्षांपूर्वी माणसाला शेती माहीत नव्हती. आणि ही बेरीज फक्त सापडलेल्यांची.

न सापडलेल्यांचा अंदाज यावा म्हणून ह्यूस्टनचं उदाहरण देतो. पोलीस गाडीतच दोन-तीन डॉलरच्या चाचणीने पूड तपासत. रंग बदलला की अटक. जामिनाचे पैसे नसलेला माणूस महिनोन्‌महिने कोठडीत सडण्यापेक्षा गुन्हा कबूल करून थोडक्यात सुटका पत्करी. नंतर प्रयोगशाळेचा अहवाल येई, तर त्यात अमली पदार्थच नसे. सरकारी वकिलांच्या कक्षाने हे साचलेले अहवाल उघडले आणि २०१४ व २०१५ या दोनच वर्षांत सत्तरहून अधिक लोकांच्या शिक्षा रद्द झाल्या. यातल्या कुणाचाच खटला चालला नव्हता. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यांतल्या शंभर शिक्षांपैकी सुमारे ९५ अशाच कबुलीतून येतात. तिथे साक्ष नाही, उलटतपासणी नाही, मग चूक शोधायला धागाच उरत नाही.

शिवाय निर्दोष असणं ही एक गोष्ट, आणि गुन्हा केला पण शिक्षा अवाजवी झाली ही दुसरी. अमेरिकेच्या तुरुंगांत जन्मठेपेचे कैदी दोन लाखांच्या घरात आहेत. तरुणपणी आत गेलेले म्हातारे झाले. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१९ पासून एक नवी वाट उघडली: शिक्षा न्याय्य राहिली नाही असं सरकारी वकिलालाच वाटलं, तर त्याला स्वतः न्यायालयाकडे ती कमी करण्याची मागणी करता येते. हा कायदा आणण्यात हिलरी ब्लाउट या माजी सरकारी वकील पुढे होत्या. वॉशिंग्टन, ओरेगॉन, इलिनॉय, मिनेसोटा या राज्यांनीही नंतर असेच कायदे केले. पण कायद्याने वकिलाला फक्त अधिकार दिला आहे, सक्ती नाही. देशात सरकारी वकिलांची कार्यालयं दोन हजारांहून अधिक आहेत आणि जुन्या शिक्षा तपासणारे कक्ष आजही शंभराच्या आसपास. त्यातल्या कित्येक कक्षांच्या नावावर एकही सुटका नाही. आपली फाईल कुणी उघडेल की नाही, हे त्या कैद्याने किती वर्षं काढली यावर ठरत नाही. तो कोणत्या काउंटीत पकडला गेला, यावर ठरतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये रद्द झालेल्या शिक्षांपोटी वसूल केलेला दंड आणि शुल्क परत करण्याचं २०२२ मध्ये ठरलं. डुकनची प्रकरणं आणि अमली पदार्थ स्वतःच सेवन करणाऱ्या दुसऱ्या एका रसायनतज्ज्ञाची प्रकरणं मिळून ३० हजारांहून अधिक लोक त्यात आले. रक्कम १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत. माणशी पाचशे डॉलरही होत नाहीत.