वाङ्‌निश्चय लटका, नोकरी मात्र खरी

विनोदी चित्रपट पाहावा, हसावे आणि विसरून जावे, असा आपल्याकडील सुशिक्षितांचा रिवाज आहे. त्यात अर्थशास्त्राच्या अध्यापकाने अशा चित्रपटावर लेख लिहावा, हे तर अनेकांना वेळेचा अपव्यय वाटेल. परंतु हसणारा समाज नेमका कशाला हसतो, आणि हसता हसता कोणत्या गोष्टीकडे काणाडोळा करतो, हे पाहिल्यास त्या समाजातील देवघेवीचे नियम जितके स्पष्ट होतात, तितके ते पुष्कळदा पाठ्यपुस्तकांतूनही होत नाहीत. ‘द प्रपोजल’ हा २००९ सालचा अमेरिकन चित्रपट असाच आहे. सुमारे ४ कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने जगभर ३१ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. अॅन फ्लेचर या त्याच्या दिग्दर्शिका असून सँड्रा बुलक आणि रायन रेनॉल्ड्स यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

कथा थोडक्यात अशी. मार्गारेट ही न्यूयॉर्कमधील एका प्रकाशनसंस्थेतील वरिष्ठ संपादिका. कर्तबगार, पण करडी. ती कचेरीत शिरली की सगळे कारकून माना खाली घालतात. ती मूळची कॅनडाची. व्हिसाचा अर्ज विचाराधीन असताना देश सोडू नये, असे बजावलेले असूनही ती फ्रँकफुर्टच्या ग्रंथजत्रेला जाऊन येते आणि त्यापायी तिच्यावर देश सोडण्याची पाळी येते. त्या क्षणी तिचा साहाय्यक अँड्र्यू काही कामानिमित्त खोलीत डोकावतो आणि ही बाई वरिष्ठांसमोर जाहीर करून टाकते की, आमचा विवाह ठरला आहे! बिचाऱ्या अँड्र्यूला ही वार्ता इतरांबरोबरच कळते. पुढे दोघे त्याच्या आजीच्या नव्वदाव्या वाढदिवसासाठी अलास्कातील सिट्का या गावी जातात, घरच्यांसमोर वाग्दत्त जोडप्याचे सोंग वठवतात आणि सोंग वठवता वठवता खरोखरच एकमेकांच्या प्रेमात पडतात. शेवट गोड होतो, हे सांगायला नकोच.

प्रेक्षक हसतात ते या सोंगाला. माझे म्हणणे असे की, या कथेतील खरा आशय सोंगात नसून सौद्यात आहे. अँड्र्यू या सोंगाला तयार का होतो? तीन वर्षे त्याने या बाईची हमाली केलेली आहे. तिच्यासाठी आणलेली कॉफी सांडलीच तर आपल्या पेल्यातली देता यावी, म्हणून तोही तिच्याच आवडीची कॉफी पितो. मार्गारेट त्याला सुनावते की, मी गेले तर माझ्या जागी येणारा माणूस तुला पहिल्याच दिवशी काढून टाकील आणि संपादक होण्याचे तुझे स्वप्न तिथेच संपेल. सरकारी अधिकारी त्याला बजावतो की, खोटेपणा उघडकीस आला तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होईल. हे ऐकल्यावर अँड्र्यू आपली किंमत सांगतो : संपादकपदावर बढती, आणि मी शिफारस केलेल्या हस्तलिखिताचे प्रकाशन. वर भर रस्त्यात तिला गुडघे टेकून मागणी घालायला लावतो. घासाघीस होऊन सौदा पटतो.

वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो की, स्वेच्छेने झालेल्या विनिमयात दोन्ही पक्षांचा लाभ होतो. यातील ‘स्वेच्छेने’ या शब्दावर मात्र आम्ही पुरेसे थांबत नाही. करार मुक्त आहे की नाही, हे सही करणाऱ्याच्या चेहऱ्यावरील हास्यावरून ठरत नाही. ‘नाही’ म्हटले असते तर त्याचे काय झाले असते, यावरून ठरते. या कसोटीवर चित्रपटातील एक लहानशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. सिट्काला पोहोचल्यावर मार्गारेटला कळते की, गावातील बहुतेक दुकानांवर अँड्र्यूच्याच घराण्याचे नाव आहे. आपला साहाय्यक गर्भश्रीमंत घरचा आहे. नोकरी गेली तर वडिलांचा धंदा त्याची वाटच पाहत आहे! अँड्र्यूला परतीचा रस्ता आहे, आणि म्हणूनच आपण निःशंक मनाने हसू शकतो. पटकथाकाराने त्याला भाड्याच्या खोलीत राहणारा, दरमहा घरी पैसे पाठवणारा कारकून केले असते, तर याच प्रसंगांना हसणे जड गेले असते.

दुसरी गोष्ट स्त्रीपुरुषांच्या अदलाबदलीची. येथे अधिकारपदावर स्त्री आहे आणि हाताखाली पुरुष. क्षणभर उलट कल्पना करून पाहा : वरिष्ठ पुरुष आपल्या साहाय्यक तरुणीला सांगत आहे की, माझ्याशी विवाह ठरल्याचे कबूल कर, नाहीतर नोकरी गेली म्हणून समज. त्याला विनोद कोण म्हणेल? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली संसदेने कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा केला. बढतीचे आमिष आणि नोकरी घालवण्याची धमकी या दोन्हींचा त्या कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. चित्रपटकर्त्यांनी भूमिका उलटवून जुलमाला गुदगुल्यांचे रूप दिले. पण पोशाख बदलल्याने जुलूम बदलत नाही.

आपल्या मुंबईने हाच विषय हसण्यावारी न नेता हाताळला होता, याची येथे आठवण होते. भीमसेन यांच्या १९७७ सालच्या ‘घरौंदा’मध्ये अमोल पालेकर आणि झरीना वहाब हे एकाच कचेरीत काम करणारे प्रेमिक आहेत. जागेसाठी साठवलेले पैसे बुडतात, तेव्हा तो तिला सुचवतो की, आपल्या आजारी मालकाशी तू लग्न कर. तो फार दिवसांचा सोबती नाही, मग पैसाही आपला आणि घरही आपले. मालकाची ती भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली होती. तेथेही लग्न हा सौदाच होता, पण त्या सौद्याची किंमत चित्रपटाने शेवटपर्यंत नजरेआड होऊ दिली नाही. याउलट १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’ने महाराष्ट्राला पोट धरून हसवले. पुण्यात भाड्याची जागा फक्त जोडप्यांना मिळते, म्हणून दोन मित्र लुगडी नेसून बायका होतात! अमेरिकेत व्हिसा दुर्मीळ, आपल्याकडे खोली दुर्मीळ. जी वस्तू दुर्मीळ असते आणि जिच्या वाटपाच्या दारावर लग्नाचा दाखला मागितला जातो, तिच्यासाठी लटकी लग्ने निर्माण होणारच. हा नीतीच्या ऱ्हासाचा प्रश्न नसून वाटपाच्या नियमाचा परिणाम आहे.

मग कायद्याने काय करावे? अमेरिकेने १९८६ साली विवाहाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध कायदा कडक केला. लग्नाला २ वर्षे झालेली नसतील, तर परदेशी जोडीदाराला आधी सशर्त निवासाचा परवाना मिळतो आणि २ वर्षांनंतर दोघांना पुन्हा आपले लग्न खरे असल्याचे दाखवून द्यावे लागते. तत्पूर्वी १९७५ साली तेथील एका अपील न्यायालयाने कसोटी सांगितली होती ती अशी की, विवाहाच्या वेळी एकत्र आयुष्य उभारण्याचा उभयतांचा हेतू होता का? पुढे ते विभक्त झाले, एवढ्यावरून लग्न खोटे ठरत नाही. कसोटी सुज्ञपणाची आहे. पण हेतू मोजण्याचा काटा कोणत्याही सरकारजवळ नसतो. म्हणून मग अधिकारी विचारतो : जोडीदाराला कशाची अॅलर्जी आहे? घरातील कोणत्या वस्तू कुठे असतात?

या प्रश्नोत्तरांतूनच चित्रपटातील सर्वांत मार्मिक विरोधाभास निर्माण होतो. अँड्र्यूला मार्गारेटविषयी सारे काही ठाऊक आहे. तिला त्याच्याविषयी जवळजवळ काहीच माहीत नाही. हे प्रेमाचे ज्ञान नव्हे, चाकरीचे आहे. साहेबाची लहर, आवडनिवड, कपाळावरची आठी हे सारे हाताखालच्या माणसाने मुखोद्गत करायचे असते; साहेबाने शिपायाच्या मुलांची नावेही जाणण्याची गरज नसते. हा चित्रपट कुणाचे हृदयपरिवर्तन दाखवत असेलच, तर ते एवढेच की, तीन दिवसांत एका वरिष्ठ बाईला आपल्या साहाय्यकाचे घर, आजी, बापलेकांतील तेढ, हे सारे प्रथमच दिसू लागते. आपल्या कचेऱ्यांतील किती साहेबांना हे तीन दिवस कधी लाभले असतील?

येथे एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक लटके लग्न निंद्यच असते काय? १९३५ साली इंग्रज कवी ऑडेन याने थॉमस मान यांची कन्या एरिका हिच्याशी विवाह केला, तो संसार थाटण्यासाठी नव्हे. नाझी राजवटीत तिचे नागरिकत्व धोक्यात आले होते आणि ब्रिटिश पारपत्राची तिला निकड होती. कायद्याच्या काटेकोर भाषेत याला काहीही म्हणा, माणुसकीच्या भाषेत त्याला मदतीचा हात म्हणतात. फरक कुठे आहे? ऑडेनवर कुणाचा दाब नव्हता, आणि त्याने त्या सहीच्या बदल्यात काही मागितले नाही. म्हणजे दोष निव्वळ खोटेपणाचा नाही. एकाची असहायता दुसऱ्याचे भांडवल होते, तेथे दोष सुरू होतो.

हे सारे मला सुचले ते एका माजी विद्यार्थिनीमुळे. गेल्या दिवाळीत ती अमेरिकेहून आली होती, तेव्हा घरी भेटायला आली. गप्पांत या चित्रपटाचा विषय निघाला, आणि आम्ही सारे हसत असता ती म्हणाली, “सर, मला पहिल्याच प्रसंगापुढे हसू आले नाही. देश सोडा म्हणून सांगतात ना, तो.” तिचा एच-१बी व्हिसा तिच्या कंपनीच्या अर्जावर मिळालेला. वरिष्ठ रात्री-अपरात्री काम सांगतो, रजा मंजूर करीत नाही, कबूल केलेली बढती वर्षानुवर्षे लांबवतो. आणि ती सोसते. नोकरी गेली तर २०१७ सालापासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत. तेवढ्यात नवी कंपनी शोधावी, नाहीतर बाडबिस्तरा आवरावा. कायम निवासाच्या परवान्यासाठी कोणत्याही एका देशाच्या नागरिकांना साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, ही मर्यादा १९९० सालच्या कायद्याने घातली असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. तिने कुणाशी लटका वाङ्‌निश्चय केलेला नाही. पण ज्या लग्नातून सुटका नाही, अशा लग्नासारखेच त्या कंपनीशी तिचे नाते झालेले आहे.

आपल्याकडे कित्येक घरांतून असा एखादा मुलगा वा मुलगी परदेशी गेलेली असते. अमेरिकेतले स्थळ म्हटले की आईबापांचे डोळे चमकतात. व्हिसा कोणता, याची चौकशी पत्रिकेआधी होते. तेव्हा कागदासाठी लग्न करणाऱ्या त्या संपादिकेला नावे ठेवण्यापूर्वी आपणही आरशात पाहिलेले बरे. आपण सोंग करीत नाही, हे खरे. पण मुलीला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक होती का, हा प्रश्न तेथेही तेवढाच लागू आहे.

चित्रपटाच्या अखेरीकडे विवाहाची सिद्धता झालेली असता मार्गारेट जमलेल्या पाहुण्यांसमोर उभी राहून सत्य सांगून टाकते : मी याला धमकावून हे करायला लावले. हीच एक कृती त्या सौद्याचे रूपांतर नात्यात करते, कारण तिने त्याला त्याचा नकार परत दिला. यानंतर तो तिच्यामागे न्यूयॉर्कला जातो, तो नोकरीपायी नव्हे. म्हणूनच त्याची मागणी खरी ठरते. श्रेयनामावली चालू असताना मात्र तोच सरकारी अधिकारी पुन्हा तेच प्रश्न विचारताना दिसतो. खऱ्या प्रेमालाही परीक्षा त्याच कागदावर द्यावी लागते.

कायद्याला याहून अधिक जमणार नाही, हे मान्य करू. तथापि एक गोष्ट कायद्याच्या आवाक्यातली निश्चित आहे. माणसाचे देशात राहणे, डोक्यावरचे छप्पर आणि पोटाची भाकरी या गोष्टी एकाच मालकाच्या मर्जीला बांधून ठेवू नयेत. ‘नाही’ म्हणूनही ज्याला उद्या जगता येते, त्याच्याच ‘हो’ला काही किंमत असते, मग ते ‘हो’ कचेरीतले असो वा बोहल्यावरचे.