कुडा : भिक्खूंच्या औषधांतील रानझुडूप

विनयपिटकाच्या महावग्गात ‘भेसज्जक्खन्धक’ नावाचा भाग आहे. आजारी भिक्खूंना कोणती औषधे घेता येतील, हे तथागतांनी त्यात सांगितले आहे. काढ्यांच्या यादीत कडुनिंबाबरोबर कुटजाचे नाव येते. औषधी पानांच्या यादीतही ते पुन्हा येते. हा कुटज म्हणजेच आपला पांढरा कुडा. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस, संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील सातपुड्याच्या पानगळीच्या रानात तो वाढतो. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यास पांढऱ्या, सुवासिक फुलांचे झुबके येतात.

कुड्याची साल आणि बी औषधी आहे. बियांना इंद्रजव म्हणतात. सालीतील कोनेसीन हे द्रव्य आमांशाच्या अमिबावर परिणाम करते. आव व अतिसार यांवर आयुर्वेदात कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी देतात. मात्रा मात्र वैद्यांनीच ठरवावी. लहान मुलास जुलाब झाल्यास आधी जलसंजीवनी द्यावी व दवाखाना गाठावा; काढ्यावर विसंबून वेळ दवडू नये.

ओळख नीट पटली पाहिजे. काळ्या कुड्यासही पांढरीच फुले येतात. परंतु त्याच्या जोडशेंगांची टोके कोवळेपणी एकमेकींस चिकटलेली असतात आणि त्याच्या बियांना गोड इंद्रजव म्हणतात. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात आणि बी अतिशय कडू असते.

औषधाची मागणी सालीस असल्याने रानातील कुड्यावर संकट येते. खोडाची साल चहूबाजूंनी सोलली, की मुळांस अन्न पोहोचत नाही व झाड वाळते. म्हणून कुडा रानातून ओरबाडण्याऐवजी बांधावर वाढविणे, हाच उपाय आम्हांस योग्य वाटतो.

लागवड सोपी आहे. बियांस रेशमी तंतूंचा झुबका असल्याने शेंगा तडकताच बी वाऱ्याबरोबर उडते. तत्पूर्वीच शेंगा उतरवाव्यात. उन्हाळ्याच्या शेवटी बी पिशव्यांत पेरावे व रोपे सशक्त झाल्यावर पावसाळ्यात लावावीत. मुरमाड, उताराची जमीन चालते. पाणी साचू देऊ नये. झाड पुरते वाढल्यावर वीतभर बुंधा राखून खोड तोडावे आणि तोडलेल्या खोडाचीच साल काढावी. बुंध्यास पुन्हा फुटवे येतात. झाड जगते व औषधही मिळते.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी येत्या पावसाळ्यात आपल्या बांधावर कुड्याची दोन रोपे लावावीत, अशी आमची विनंती आहे.