टॉवेल पडतो, पाणी पडत नाही

शनिवारच्या अभ्यासवर्गाला आपण मदत पाठवता, तेव्हा "वर्गात नेमके शिकवता तरी काय?" असे काहींनी विचारले होते. एक धडा इथे जवळजवळ तसाच मांडतो.

वर्गातली बहुतेक मुले पारधी वस्त्यांवरची. त्यांच्या पणजोबांना १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सोलापूरची सेटलमेंट आपल्या जुन्या सभासदांना सांगायला नको. आता यातली काही मुले बारावी सायन्सला आहेत. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली ही पोरे एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसतात. फिजिक्सचा पहिलाच धडा फिरणाऱ्या वस्तूंचा, आणि त्यात उभ्या वर्तुळाचे गणित. तिथे एका मुलीने पुस्तक मिटले आणि सायन्स सोडते म्हणाली. तिच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सचे काम करतो. म्हणून पुस्तक बाजूला ठेवले आणि अंगणात बादली आणली.

अर्धी बादली पाणी घेऊन हात खांद्यातून गरगर फिरवा. बादली डोक्यावर उलटी होते, तरी पाणी सांडत नाही. मुले म्हणतात, पाणी तळाला चिकटते. खरे तर पाणी त्या क्षणीही खालीच पडत असते. पण बादलीही तितक्याच घाईने खाली वळत असते, म्हणून ते बादलीबाहेर येत नाही. माथ्यावर किती वेग हवा? वेगाचा वर्ग निदान गुरुत्व त्वरण गुणिले त्रिज्या इतका. खांद्यापासून पाण्यापर्यंत १ मीटर धरला, तर ९.८ चे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.१ मीटर. एकसारख्या गतीने फिरवल्यास साधारण २ सेकंदांत एक फेरी. याहून हळू फिरवाल तर आंघोळ ठरलेली! बादली भरलेली की अर्धी, याने या वेगात फरक पडत नाही, कारण वस्तुमान समीकरणात दोन्ही बाजूंना येते आणि निघून जाते. हे मात्र मुलांना पटवायला दोन बादल्या रिकाम्या कराव्या लागल्या.

मग गोफण. ज्वारीवरची पाखरे हाकायला गोफण वापरलेली घरे अजून आहेत, आणि दावीदाची गोफण तर संडे स्कूलपासून ओळखीची. दोरीला दगड बांधून उभा फिरवला आणि वर जाताना हाताने जोर दिला नाही, तर दगडाचा वेग कमी होत जातो. उंची चढण्यात ऊर्जा खर्च होते. दोरी १ मीटर असेल, तर माथ्यावर ३.१ वेग उरण्यासाठी खाली ७ मीटर वेग लागतो. पडताळा सोपा: ७ चा वर्ग ४९, दोन मीटर चढण्याचे ३९.२ वजा करा, उरले ९.८. माथ्यावर दोरीचा ताण तेव्हा शून्य, आणि अगदी खाली दगडाच्या वजनाच्या सहापट. म्हणजे अर्ध्या किलोचा दगड खाली येताना दोरीला तीन किलोचा भार देतो. जुनी दोरी तुटते ती बहुधा खालीच, आणि दगड सरळ समोर सुटतो. त्यामुळे असा प्रयोग करताना समोर कोणी उभे राहू नये, हे मी तीनदा बजावले.

खरी मजा टंबलरची. धुऊन, पिळून आलेला टेरी टॉवेल मोठ्या आडव्या ड्रममध्ये गरम हवेत फिरवतात. एका मुलाचे वडील अशाच मशीनवर हेल्पर आहेत. त्याने विचारले, "सर, ड्रम जोरात फिरवला तर माल लवकर वाळेल ना?" प्रश्न सोन्यासारखा होता. गणित बादलीचेच. ड्रमचा व्यास १.२ मीटर धरला, तर त्रिज्या ०.६. माथ्यावर वेग सेकंदाला २.४ मीटर झाला, म्हणजे मिनिटाला ३९ च्या आसपास फेरे पडले, की कडेचा टॉवेल पत्र्याला दाबून बसतो आणि सुटतच नाही. मग गरम हवा त्याच्या आरपार जात नाही, आणि आपटून लूप फुलायचे तेही राहते. म्हणून ड्रम त्याहून हळू ठेवतात. आतल्या पट्ट्या टॉवेल वर उचलतात, माथ्याला पोचण्याआधीच तो पत्रा सोडतो आणि हवेतून खाली येतो. बादलीत जे होऊ द्यायचे नाही, तेच इथे मुद्दाम घडवून आणायचे.

मुलाने हे घरी सांगितले. वडिलांनी पुढच्या शनिवारी वर्गाच्या दारात उभे राहून मला विचारले, की मग माल जास्त भरला की तो का वाळत नाही. त्याचे उत्तर मुलांनीच दिले: पडायला जागाच उरत नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसून कुठे अंग हलके वाटते आणि कुठे जड, हे लिहून आणायला सांगितले आहे. तिथे मोटर वेग एकसारखा ठेवते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या भारातला फरक वजनाच्या सहापट नव्हे, तो वेगावर ठरतो.

पुस्तक मिटलेली मुलगी अजून येते. सोडणार की नाही, हे तिने सांगितलेले नाही. गोफणीचे गणित मात्र तिनेच फळ्यावर सोडवले. परीक्षा जवळ आली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करावी. ज्यांच्या घरी बारावी सायन्सची पुस्तके रिकामी झाली असतील, त्यांनी ती रविवारी उपासनेनंतर चर्चच्या कार्यालयात द्यावीत. फिजिक्सची आधी हवी आहेत.