भिंतीवरची फिकी निळाई

श्रावण सरत आला की गोमंतकातील हिंदू घरांत चतुर्थीची लगबग सुरू होते. माटोळी बांधायची, मूर्ती आणायची, परगावचे आप्त यायचे. तेव्हा भिंती उजळ दिसल्याच पाहिजेत, हा आपला जुना दंडक. मग रंगांची पुस्तके उघडली जातात आणि पुष्कळदा बोट फिक्या निळ्या छटेवर येऊन थांबते. ही निवड रसिकतेची आहे, यात शंका नाही. परंतु रंग निवडताना भिंतीचा विचार कोणी करतो काय, हा आमचा प्रश्न आहे.

ही निळाई आपल्या घरांना परकी नाही. चुनकळी विरवून केलेल्या चुन्यात निळीची पुरचुंडी पिळून भिंतीला हात देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. चुन्यातील पिवळसरपणा चिमूटभर निळीने मारला जातो आणि पांढरा अधिक पांढरा दिसतो. प्रमाण थोडे वाढवले की भिंत आकाशी होते. ही भुकटीची नीळ चुन्याच्या दाहकतेतही टिकते. एके काळी हा रंग अफगाणिस्तानातील लाजवर्द दगड दळून काढावा लागे व तो सोन्याच्या मोलाचा असे. १८२८ च्या सुमारास ग्विमे या फ्रेंच रसायनकाराने तो कृत्रिम रीतीने सिद्ध केला, आणि राजवाड्यातला रंग पुढे परटाच्या हाती व सामान्याच्या ओसरीवर आला.

आता भिंतीकडे वळू. आपली जुनी घरे चिऱ्यांची. चिरा सच्छिद्र, तो ओल पितो आणि उन्हाळ्यात ती परत सोडतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा चतुर्थीपूर्वीच कोसळून गेलेला असतो. म्हणजे भिंत सर्वांत ओली असते, नेमका तेव्हाच आपण तिला रंग देतो! चुन्याचा पातळ थर ही ओल बाहेर जाऊ देतो. हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू दगडासारखा घट्ट होतो, आणि त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशीला सहजी थारा मिळत नाही. याउलट प्लास्टिक रंगाचे आवरण ओलीची वाट अडवते. मग फुगे येतात, लोणा फुटतो, पोपडे सुटतात. दोष रंगाऱ्याला दिला जातो. वास्तविक भिंतीचा श्वासच कोंडलेला असतो.

चुन्याचे दोष आम्ही झाकत नाही. पाठ टेकली की तो अंगाला लागतो, धुता येत नाही आणि वारंवार द्यावा लागतो. नव्या, पूर्ण सुकलेल्या सिमेंटच्या भिंतीवर तयार रंग खुशाल द्यावा. मात्र चिऱ्यांच्या जुन्या घरात निळाई हवी असेल, तर ती चुन्यातूनच यावी, आणि शक्य तर पावसाळ्यापूर्वी, वैशाखात. भुकटीचीच नीळ वापरावी. बाटलीतील पातळ नीळ बहुधा निराळ्या रंजकाची असते. ओला चुना गडद भासतो व सुकल्यावर पुष्कळ फिकट होतो. म्हणून आधी कोपऱ्यात एक हात देऊन, तो सुकू द्यावा व मगच छटा ठरवावी.

उजेडाचेही भान हवे. दुपारचे पश्चिमेचे ऊन ज्या खोलीत शिरते, तिला ही निळाई निववते. उलट ज्या माजघरात दिवसाही अंधूक असते, तेथे तीच उदास व करडी दिसते. तिथे पांढराच बरा. पिवळ्या दिव्याखाली निळ्यात किंचित हिरवट झाक येते, पांढऱ्या दिव्याखाली तो अधिक थंड भासतो. हे पाहण्यास पैसा लागत नाही, एक दिवस व एक रात्र लागते.

चुना कधी निवळला, त्यात नीळ किती हवी, हे नजरेने सांगणारे हात आता विरळ होत चालले आहेत. त्यांना वर्षातून एकदा काम मिळाले, तरच ही विद्या पुढच्या पिढीच्या हाती जाईल. पुस्तकातील छटा कोणत्याही दुकानात मिळेल. भिंत ओळखणारा माणूस एकदा गेला की तो कोणत्याच डब्यातून परत मिळणार नाही.