पाचट ठेवा, पण जिवाणूंचा युरिया विसरू नका

दिल्लीवर धूर दाटला की पंजाब-हरियाणातल्या पराळीवर आपल्याकडेही तावातावाने बोललं जातं. तिथल्या शेतकऱ्याची अडचण निदान खरी आहे. भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीला त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात तसली घाई नाही. खोडवा ठेवायचा तर ना नांगरट, ना पेरणी. तरीही तोड संपते, वाढे वैरणीला जातात आणि मागे फडात पाचट पेटतं.

कारणं विचारा, भरपूर मिळतील. पाचटात उंदीर होतात, सरीत पाणी पुढं सरकत नाही, राखेनं जमीन सुधारते. यातलं राखेचं म्हणणं अर्धं खरं आहे, कारण पालाश बराचसा राखेत उरतो. नत्र आणि कर्ब मात्र हवेत जातात. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे १० टन पाचट पेटवलं की ५० किलोच्या आसपास नत्र धुरात जातं. युरियाच्या भाषेत ही दोन पोत्यांहून जास्त रक्कम झाली. कर्ब जातो तो तीन-चार टन, आणि त्याचं पोतं कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मग पाचट ठेवून पाहिलेले काही शेतकरी पुन्हा काडीपेटीकडे का वळले? त्यांचा खोडवा पिवळा पडला म्हणून. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं; फक्त दोष पाचटाचा नव्हता. पाचटात नत्राच्या सुमारे सत्तरपट कर्ब असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं, आणि पाचटात ते पुरेसं नसलं की ते जमिनीतलं ओढून घेतात. नेमके त्याच वेळी कोवळे फुटवे नत्र मागत असतात. ही उसनवारी काही काळापुरतीच असते. जिवाणू मरतात तसं ते नत्र पिकाकडे परत येतं, पण तोवर शेतकऱ्याचा धीर सुटलेला असतो.

म्हणूनच शिफारशीत पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायला सांगतात. हा युरिया उसासाठी नाही, जिवाणूंसाठी आहे. तो पिकाच्या मात्रेतून वजा करायचा नाही. पाचट सरीत दाबायचं, बुडखे उघडे ठेवून जमिनीलगत छाटायचे, की कोंब जमिनीखालून जोमानं येतात. पिकाचं खत पहारीनं भोकं पाडून मुळांजवळ द्यायचं: पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी. पहारीचं काम जिकिरीचं आहे, यात वाद नाही. बारामतीजवळच्या माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनं बुडखे छाटणं, बगला फोडणं, जुनी मुळं तोडणं आणि खत पेरणं एकाच फेरीत करणारं ट्रॅक्टरचं यंत्र तयार केलं आहे. कारखान्यांनी अशी यंत्रं भाड्यानं द्यायला हवीत. नुसत्या प्रबोधनाच्या फलकांनी फड विझत नाहीत.

पाण्याचा हिशेबही बदलतो. झाकलेली जमीन ओल धरते, तण कमी येतं. त्यामुळे जुन्याच पाळीनं पाणी सोडत राहिलात तर भारी जमिनीत ते साचेल. पाळी देण्यापूर्वी पाचट बाजूला सारून माती हातात घेऊन बघा.