समजून घ्या : ‘सगळं तयार’ की ‘हवं तेवढंच’? वेब फ्रेमवर्कचा वाद

समजा, जालन्यातल्या बियाणे विक्रेत्यासाठी तुम्हाला बिल आणि साठ्याचं सॉफ्टवेअर बनवायचंय. पाया कोणता घ्याल?

मुंबईत घडलेल्या ‘फ्रॅपे’ या ओपन सोर्स फ्रेमवर्कमध्ये लॉट नंबर, दर, मुदत असे रकाने ‘डॉकटाइप’मध्ये नोंदवा, डेटाबेसचं टेबल आणि फॉर्म आपोआप तयार. कुणाला काय दिसेल, तेही तिथेच ठरतं. ‘ईआरपीनेक्स्ट’ यावरच उभं आहे. याउलट, २०१० मध्ये आलेलं ‘फ्लास्क’ मोजकंच देतं. बाकी जुळणी तुमची.

पहिल्यात काम झटपट, पण ठरलेल्या चाकोरीत. दुसऱ्यात मोकळीक, पण लॉगिनपासून जबाबदारी आपली. दोन्हींचा कोड खुला आहे. मात्र त्यात केलेले बदल नव्या आवृत्तीशी पुन्हा जुळवावे लागू शकतात.

म्हणून आधी एकच प्रश्न विचारा : उद्या नोकरीसाठी तुम्ही पुण्याला गेलात, तर दुकानदाराचं हे सॉफ्टवेअर कोण सांभाळणार?