चिंगीचं ऑपरेशन कुठे करायचं?

आमची चिंगी पावणेतीन किलोची. इंडियन स्टोअरमधून आणलेल्या दहा पौंडांच्या कणकेच्या पिशवीपेक्षाही हलकी. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाच्या शित्झूला अवचित चार पिल्लं झाली, वडील बहुधा चिवावा. त्यातलं एक पिल्लू 'फक्त वीकेंडपुरतं' म्हणून आमच्या एडिसनच्या घरी आलं आणि राहिलं. ती साडेपाच महिन्यांची झाली तेव्हा व्हेटने विषय काढला, स्पे कधी करायचं?

करायचं की नाही, हा प्रश्न आमच्याकडे नव्हताच. त्याचं कारण पुण्यातलं. मी नववीत असताना आमच्याकडे सोनी होती, पांढरीशुभ्र. तेव्हा पुण्यात अशा प्रत्येक कुत्रीला 'पामेरियन' म्हणायची पद्धत होती. सोनी नऊ वर्षांची असताना माजावर येऊन गेली आणि महिन्याभरात एकदम पाणीच पाणी प्यायला लागली. खाणं सुटलं, कोपऱ्यात पडून राहायची. उन्हाळा आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. डॉक्टरकडे नेलं तेव्हा गर्भाशयात पू झाला होता. पायोमेट्रा हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. बाबा त्या दिवशी ऑफिसातून आल्यावर बराच वेळ जिन्यातच बसून राहिले. त्यानंतर घरात कुत्रा आला नाही.

त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मी 'चिंगीचं ऑपरेशन' म्हटल्यावर आई म्हणाली, "अगं, एवढ्याशा जिवाला कशाला?" पण बाबांनी लगेच विचारलं, "पिशवी पूर्ण काढणार ना?" हो, इथे बहुतेक ठिकाणी अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी फक्त अंडाशय काढतात, पण पायोमेट्राची भीती त्यानेही जवळजवळ संपतेच.

वयाबद्दलही फार घोळ नव्हता. मोठ्या जातींच्या कुत्र्यांत घाई केली तर सांध्यांचे त्रास वाढू शकतात, म्हणून तिथे थांबायला सांगतात. मोठेपणी ४५ पौंडांच्या आत राहणाऱ्या माद्यांसाठी मात्र अमेरिकेतल्या प्राणी-रुग्णालयांच्या संघटनेचा, म्हणजे 'आहा'चा सल्ला आहे की पहिल्यांदा माजावर येण्याआधी, पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करून टाका.

घोळ होता तो 'कुठे' याचा. फोन फिरवायला घेतले आणि आकडे ऐकून चक्रावले. एका संस्थेच्या स्वस्त क्लिनिकमध्ये १४० डॉलर. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात ६९०. एका मोठ्या हॉस्पिटलात दुर्बिणीतून, लॅप्रोस्कोपीने, १,५००. एकाच ऑपरेशनच्या किमतीत दहापटीहून जास्त फरक! नवऱ्याने एक्सेल शीट उघडली. (आमच्याकडे लग्नाचा हॉलसुद्धा एक्सेल शीटवर ठरला होता.) मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर अर्ध्या लोकांनी 'स्वस्तात जाऊ नका गं' म्हटलं, अर्ध्यांनी 'उगाच लुटतात', आणि एका काकांनी गुडघेदुखीवरचा फॉरवर्ड पाठवला.

मीही आधी 'स्वस्त म्हणजे धोक्याचं' असंच धरून चालले होते. मग वाचायला बसले. फ्लोरिडातल्या अशाच एका भरपूर ऑपरेशनं करणाऱ्या क्लिनिकचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सापडला. एक लाखाहून जास्त कुत्री-मांजरं, आणि मृत्यूचं प्रमाण दहा हजारांत साधारण तीन. कुत्र्यांमध्ये तर त्याहून कमी. विचार केला तर नवल नाही. जो डॉक्टर दिवसभर हेच ऑपरेशन करतो, त्याचा हात बसलेला असतो. छेद लहान, वेळ कमी, म्हणजे भूलही कमी वेळ. एक्सेल शीटमधला 'स्वस्त' रकाना लाल रंगवला होता, तो मी गुपचूप पांढरा केला.

पण दुसऱ्या एका अभ्यासाने झोप उडवली. ब्रिटनमधला, २००८ सालचा, जवळपास ९८ हजार कुत्र्यांचा. निरोगी कुत्र्यांत भुलेमुळे दगावण्याचं प्रमाण फार कमी, दोन हजारांत एकाच्या आसपास. मात्र पाच किलोच्या आतल्या कुत्र्यांना धोका जास्त. आणि जे दगावले त्यातले जवळपास निम्मे टेबलावर नाही, तर ऑपरेशन संपल्यावर, बहुतेक पहिल्या तीन तासांत.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सोनीला आत ठेवून आम्हाला बाहेर बसवलं होतं. आत तिच्याजवळ कोण होतं, मला आजपर्यंत माहीत नाही. तू एवढंच विचार. ही शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोण बसणार?"

एवढी मोठी शीट, आणि त्यात हा रकानाच नव्हता.

मग पुन्हा सगळ्यांना फोन केले. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात रिसेप्शनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, "काळजी करू नका, आम्ही हे वर्षानुवर्षं करतोय." मी पुन्हा विचारलं, भुलेवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असतो का? "डॉक्टर असतात ना." डॉक्टरांचे दोन्ही हात तर पोटात असणार! तिसऱ्यांदा विचारल्यावर आवाजातला गोडवा गेला. डॉक्टर फोन करतील म्हणाली, तो फोन आला नाही.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाई मात्र मला फार आवडल्या. त्यांनी स्वतःहून सांगितलं की दुर्बिणीचा फायदा मोठ्या, खोल छातीच्या कुत्रीला जास्त होतो. तुमच्या कुत्रीला साधा छेदही इतका छोटा लागेल की फरक फारसा राहणार नाही. पंधराशे डॉलरचं गिऱ्हाईक असं परत पाठवायला मन मोठं लागतं.

स्वस्त क्लिनिकची मुलगीही सरळ बोलली. लहान कुत्र्यांना पहिला नंबर देतो, गरम ठेवतो, भुलेसाठी वेगळा टेक्निशियन असतो. पण सगळ्यांची रक्ततपासणी करत नाही, सलाइनची सुई सगळ्यांना लावत नाही आणि दातांचं काम करत नाही. दातांचं मी विचारलं कारण चिंगीचे दुधाचे वरचे दोन्ही सुळे पडलेच नव्हते. नवे सुळे शेजारी येऊन दाटीवाटीने उभे होते. लहान जातींत हे नेहमीचं. ते काढायला पुन्हा भूल द्यावी लागते, म्हणून एकाच भुलेत दोन्ही कामं उरकतात. दातांचा प्रश्न नसता, तर मी तिथेच गेले असते, हे प्रामाणिकपणे सांगते.

शेवटी सापडला तो चाळीस मिनिटांवरचा, एका लॉन्ड्रोमॅटच्या शेजारचा छोटा दवाखाना. बाहेरून अगदीच साधा. ५६० डॉलर, दातांचे ६० वेगळे. डॉक्टरांनी मला आत नेऊन दाखवलं. गरम हवेचं पांघरूण कुठे, श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र कुठे. एवढ्याशा शरीरातली ऊब भुलेखाली फार पटकन निघून जाते, म्हणाले, त्यामुळे आम्ही तिला टेबलावर न्यायच्या आधीपासूनच गरम ठेवू. रक्ततपासणी आधी, सुई लावलेली, दुखण्याचं औषध जाग यायच्या आत. आणि रात्रभर उपाशी ठेवू नका, हिची साखर उतरेल. पहाटे चमचाभर खाणं द्या. मी बाबांचा प्रश्न विचारला. त्यांनी मागे वळून एका मध्यमवयीन टेक्निशियनकडे बोट दाखवलं. "ती बसेल. कुत्री मान धरून बसेपर्यंत ती दुसरं काम करत नाही."

त्या दिवशी सकाळी चिंगीला सोडून मी गाडीतच बसून राहिले. नवरा म्हणाला, घरी जाऊन येऊ. मी म्हटलं, तू जा. साडेअकराला मेसेज आला, झालं, दात दोन निघाले. बारा वाजता फोटो. पांघरुणात गुंडाळलेली चिंगी, डोळे अर्धवट, आणि कडेला निळ्या बाहीचा एक हात. मी तो फोटो पुण्याला पाठवला. तिथे रात्रीचे साडेनऊ. एरवी नऊला झोपणाऱ्या बाबांकडून दोन निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर काही नाही.

पुढचे दहा-बारा दिवस सोपे नव्हते. गळ्यातलं नरसाळं घेऊन ती प्रत्येक दाराला धडकायची, मग तिला बाळाचं झबलं घातलं. उड्या बंद, सोफा बंद. आईने 'थोडी क्रोसिन दे की' म्हटलं तेव्हा मात्र मी जवळजवळ ओरडलेच. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीच मनाने द्यायच्या नाहीत. पॅरासिटामॉल असो की आयब्युप्रोफेन, एवढ्याशा जिवाला एक गोळीही महागात पडू शकते.

टाके तपासून आलो त्या संध्याकाळी बाबांचा कॉल आला. चिंगीने स्क्रीन चाटून काढला. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "ती निळ्या बाहीवाली बाई, तिला काही दिलंस की नाही?"

दुसऱ्या दिवशी मी बेसनाचे लाडू घेऊन गेले.